गाडी लागते

आमच्या आईला गाडी लागते. मराठीत हे वाक्य इतकं साधं आहे की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. गाडीत बसलं की मळमळतं, उलटी होते, एवढंच. पण गाडी लागते म्हणजे गाडी हवी असते, असंही होतं. हा दुसरा अर्थ मी बरेच दिवस ऐकलाच नाही. तिसराही एक आहे, गाडी कुठंतरी घासली, ठोकरली असा. माझ्या कानाला नेमका तोच ऐकू येतो.

मी अबोल माणूस आहे असा लोकांचा समज आहे. बायको त्याला गप्प राहून आपलंच खरं करणं म्हणते. ती नेसरीकडची, तिच्या माहेरी बोलून टाकायची पद्धत. मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत ड्रॉइंग तपासतो, तिथं बोलायचं काम पडत नाही. आई आणि थोरला भाऊ गडमुडशिंगीत असतात. थोडा ऊस आहे, चार म्हशी आहेत. कोल्हापुरातल्या माझ्या घरातून तिथं पोचायला फार वेळ लागत नाही. म्हणजे लांब पडतं ही सबबसुद्धा माझ्याकडे नव्हती.

गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये तिच्यावरचं लाल सॅटिन बाजूला केलं, केक कापला, आणि दारापेक्षा रुंद पुठ्ठ्याची किल्ली आमच्या दोघांच्या हातात देऊन फोटो काढला. त्या फोटोत मी हसतोय. लग्नाच्या फोटोतही मी इतका हसलेलो नाही, हे बायकोनं तिथंच नोंदवलं. चारी चाकांखाली लिंबं ठेवली होती. ती फुटताना मला वाटलं, टायरला रस लागला तर काही होत नाही ना.

गाडी दाखवायला मुडशिंगीला नेली. भाऊ गोठ्यातून हात पुसत आला.

"कसली म्हनायची ही?"

"कॉम्पॅक्ट एसयूव्ही."

"म्हंजे बारकी का मोठी?"

"बारकीच, पण मोठ्यातली."

"म्हंजे हाय बारकी, पर दिसती मोठी."

"तसंच काहीतरी."

"मग तुझ्यागतच की लगा."

आई दाराला धरून उभी होती. तिनं बॉनेटवरून हात फिरवला. तो हात शेणाचा होता की पिठाचा, हे मी पाहिलं. मी काय पाहिलं, हे तिनं पाहिलं. मग हात पदराला पुसून म्हणाली, "वाडीला न्हे हिला. दत्ताचा अंगारा लागू दे, मग तुझं तू कुठं बी हिंड. मी बी येते संगं."

नवी गाडी नृसिंहवाडीला न्यायची, हे आमच्याकडे ठरलेलंच असतं. भावाचा ट्रॅक्टरही तिथं जाऊन आला होता. मी हो म्हणालो.

हो म्हणून वर्ष काढलं. पावसाळ्यात चिखल होता. पावसाळा संपला तर कारखाने सुरू झाले, आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून जायचं म्हणजे पांढऱ्या रंगावर उसाचं टोक कधी ओढलं जाईल सांगता येत नाही. उन्हाळ्यात रंग उडतो असं मी कुठंतरी वाचलं होतं. हे सगळं मी कुणाला सांगितलं नाही. आईचा फोन आला की एकच उत्तर द्यायचो, "गाडी सर्व्हिसिंगला दिलीय." भावाला वैरणीचं मशीन आणायचं होतं, तेव्हाही सर्व्हिसिंगला. चुलत भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे न्यायचे होते, तेव्हाही तेच.

"आमच्या म्हशी बी एवढ्या दवाखान्यात जात न्हाईत," भाऊ म्हणाला.

गाडी कुठंच गेलेली नसायची. ती घरासमोर दुहेरी शिवणीच्या खोळीत झोपलेली असायची आणि मी स्कूटरवरून कामाला जायचो, तिला धूळ लागू नये म्हणून. रविवारी खोळ काढून धुवायचो. पिवळं फडकं काचेला, निळं बॉडीला, एकाचं दुसऱ्याला नाही. आतल्या सीटांवरचं कंपनीचं प्लॅस्टिक तसंच ठेवलं होतं. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून बॉनेटखाली निपाणीच्या तंबाखूची पानं ठेवली होती, आणि तंबाखूचा वास मारायला डॅशबोर्डवर मोगऱ्याची बाटली. छताला सरकती काच आहे. ती मी एकदाच उघडली होती, शोरूममध्ये.

मग एकदा आईनं विचारणंच थांबवलं. ते मला सोसलं नाही. मी स्वतःहून म्हणालो, चला, वाडीला जाऊ.

आई पुढं बसली. नवं लुगडं, मांडीवर नारळाची पिशवी. बायको आणि भाऊ मागं. ऊन होतं, प्लॅस्टिक तापलं होतं, आणि एसी लावल्याबरोबर तंबाखू आणि मोगरा हातात हात घालून बाहेर आले.

"पंगतीत कुनीतरी तोंडात बार भरून बसलंय जनू," आई म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पदर नाकाला लावला. "जरा काच खाली घे की रं."

"धूळ येते आई. एसी आहे की."

हुपरी मागं पडली. ती गप्प झाली, आणि मला वाटलं, सवय झाली. मग तिला उलटी झाली. तिनं सगळं स्वतःच्या ओटीत धरायचा प्रयत्न केला, जसं काही सांडू नये म्हणून धान्य धरावं. तरी थोडं सीटवर गेलं.

मी गाडी बाजूला घेतली. उतरलो. डिकी उघडली, निळं फडकं काढलं, आणि सीट पुसायला लागलो.

मागून बायको उतरली, तिनं आईला धरून रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं, तोंडावर पाणी मारलं. भाऊ तिला वारा घालत होता. मी सीटची शिवण पुसत होतो. सीटवर प्लॅस्टिक होतं, म्हणजे सीटला काहीच झालं नव्हतं, हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही. मान वर केली तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. एखाद्याच्या घरी कप फुटल्यावर पाहुणी बाई बघते तसं.

"निघालं का रं?" तिनं विचारलं.

"निघालं," मी म्हणालो.

तिथूनच परत फिरलो. त्यानंतर कुणी विषय काढला की तीच आधी सांगायची, "मला गाडी लागती बाई. मी आपली येष्टीनं जाते." दर पौर्णिमेला ती एसटीनं वाडीला जायची, खिडकीजवळ बसून, आणि काहीही न होता परत यायची. मला वाईट वाटत होतं, असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता सर्व्हिसिंगची थाप मारायची गरज नव्हती. नाही म्हणायचं काम आईनंच अंगावर घेतलं होतं.

बायकोला मात्र हे पटलेलं नव्हतं. तिनं माझ्या नकळत गाडी शिकायला सुरुवात केली, आणि शिकलीसुद्धा. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी फाउंड्रीत होतो. तिचा फोन आला. मागून वाऱ्याचा आवाज.

"अहो, घाबरू नका. आपल्या गाडीतनं मुडशिंगीला आले होते. जरा फिरून येऊ म्हटलं. इतकं काही नाही, पण जरा गाडी लागली."

मी खुर्चीतून उठलो. "कुठं लागली? पुढं का मागं? बंपरला का दाराला? पत्रा दबलाय का नुसतं खरवडलंय?"

मग आईचा आवाज आला, जवळूनच.

"पुढं न्हाय, मागं न्हाय. पोटात लागली रं."

फोन स्पीकरवर होता. भाऊ खो खो हसत सुटला. "पत्रा चांगला हाय आईचा! जरा खरवडलाय नुस्ता!" बायको हसत होती. आणि आईही हसत होती, अगदी दम लागेपर्यंत. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूसही हसला, कारण मी ओरडून बोललो होतो. तिघांच्या हसण्यापेक्षा आईचं हसणं मला जास्त लागलं. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. मी हेच विचारणार, हे तिला माहीत होतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी तंबाखूची पानं फेकली. मोगऱ्याची बाटली फेकली. पुढच्या सीटांचं प्लॅस्टिक फाडून काढलं. मागच्या सीटचं ठेवलं. माणूस एका संध्याकाळी किती सुधारणार.

दुसऱ्या दिवशी मुडशिंगीला गेलो. आई चुलीपुढं होती.

"पौर्णिमेला वाडीला जाऊ," मी म्हणालो.

"गाडी सर्व्हिसिंगला न्हाय व्हय?"

"नाही."

"खरंच न्हाय?"

"आई, ती कधीच नव्हती."

"ते ठावं हाय," तिनं भाकरी उलटली. "दूध घालाय कोल्हापुरात येतोय की ह्यो तुझा भाऊ. खोळ घातलेली गाडी दिसंना व्हय त्याला? सांगत हुता मला, आज बी निजलीया म्हनून." मग म्हणाली, "जाऊ की. पर जाताना गाडीनं, येताना येष्टीनं. एका दिसात दोनदा लागून घ्यायला मी काय तरनी हाय?"

"मग येताना मी तुझ्याबरोबर एसटीत बसतो."

"बस की. तुला कोन अडीवतंय."

त्या पौर्णिमेला आई पुढं, बायको आणि भाऊ मागं, आणि चारी काचा खाली होत्या. धूळ आत आली, उसाच्या ट्रॉलीमागचं पाचट आत आलं, एक गांधीलमाशी येऊन फिरून गेली. मी गाडी कुठं जोरात नेली नाही. आई नाकाशी लिंबू धरून समोर बघत होती आणि मी रस्त्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होतो, तेव्हा तीच म्हणाली, "पुढं बघ, न्हाईतर खरीच लागंल कुठंतरी." कुरुंदवाड आलं, वाडी आली. तिचा चेहरा उतरला होता, पण ती उतरली ती स्वतःच्या पायांनी, आणि नारळ तिनं स्वतः हातात घेतला.

गुरुजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दारावरची धूळ बघून जरा घोटाळले. "नवीनच ना गाडी?"

"नवी न्हाय," आई म्हणाली. "सर्व्हिसिंगवरनं आलीया."

दर्शन झालं. घाटावर बसून बासुंदी झाली. गाडीची किल्ली मी बायकोच्या हातात दिली आणि आईबरोबर स्टँडवर गेलो. आईनं कंडक्टरला विचारलं, "गाडी लागली का कोल्हापूरची?"

माझी मान गर्रकन मागं, आमच्या गाडीकडे वळली. इतकं सगळं झाल्यावरही.

"लागली की. बसा," कंडक्टर म्हणाला.

आईनं खिडकी घेतली. मी कित्येक वर्षांनी एसटीत बसत होतो. डिझेलचा वास, मागच्या सीटवर कुणाची तरी सुकटाची पिशवी, आणि पोटात तळाला बासुंदी. शिरोळ सोडलं तसं माझ्या कानामागं गार वाटायला लागलं. गाडी चालवणाऱ्याला कधी गाडी लागत नाही, त्यामुळे हे काय चाललंय ते मला कळेना. तेवढ्यात हॉर्न वाजला. आमची पांढरी गाडी शेजारून पुढं निघाली. बायको दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसली होती. छताची काच पूर्ण उघडी होती आणि तिच्यातून थोरला भाऊ छातीपर्यंत बाहेर आला होता. एका हातानं टोपी धरून, दुसऱ्या हातानं तो आम्हाला रामराम करत होता.

मला तिथंच भडभडून आलं. खिडकीपर्यंत पोचायला मधे आई होती. बासुंदी तिच्या लुगड्यावर गेली, माझ्या शर्टावर गेली, सीटवर गेली.

आईनं एका हातानं माझी पाठ धरली. दुसऱ्या हातानं पदराचा कोरडा कोपरा शोधला आणि माझं तोंड पुसलं. मग कपाळ. मग परत तोंड. नाकाशी लिंबू धरलं. सीटकडे तिनं पाहिलंही नाही.

कंडक्टर दांडीला धरत मागं आला. "काय पावणं, कालची उतरली न्हाय व्हय अजून?"

"न्हाय वो," आई म्हणाली. "लेक हाय माझा. माझ्यावर गेलाय. ह्येला बी गाडी लागती."