काचेवरचं कुंकू

माझी बायको गेली तेव्हा घरात तिचा एकबी धड फोटो नव्हता. फोटो काढायचा म्हणलं की पदर तोंडावर. आधार कार्डावर तेवढा एक होता, नखाएवढा. तेराव्याला भिंतीवर फोटो लागतो, हार लागतो. म्हणून पुण्याला पोरीला फोन केला, तुझ्या मायचा तेवढा मोठा करून आण.

पोरगी तिथं चित्रं छापायच्या कामावर आहे. ताणलेल्या जाळीतून रंग दाबत हातानं छापतात. तिनं कार्डावरचा फोटो मोठा केला तर तोंडाचा नुसता डाग झाला. मग ती जे घेऊन आली ते बघून मी हादरलो. चौकटीत कवटी. माणसाची. निळी, अन् डोळ्यांच्या खोबणीत लाल जास्वंद.

"मायच्या तेराव्याला हे आणलंस?"

"आबा, माय दवाखान्यात होती तवा मी हेच छापत होते. मालक सुट्टी देईना. त्या दिवसांचं माझ्यापाशी दुसरं काही न्हाई."

खाली पेन्सिलीनं १८/५० लिहिलं होतं. म्हणली, पन्नासातलं हे अठरावं; पन्नासच छापतात, मग जाळी धुऊन टाकतात. पुन्हा निघत न्हाई, म्हणून लोक हौसेनं घेतात, बैठकीत लावतात.

"मरणाची हौस? अन् जाळी धुता काहून?"

"मोजकं असलं की मोल राहतं."

"तुझी माय तर एकच होती. तिचं काय मोल केलंस?"

हे बोलायला नको होतं. पोरगी रडली न्हाई. चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं, तेरावं केलं अन् गेली.

आठ दिवसांनी ते मीच टांगलं. रिकामा खिळा बघवत नव्हता. अन् खरं सांगायचं तर बायकोचं तोंड माझ्या डोक्यातून चाललं होतं. हात आठवायचे, टाचेची भेग आठवायची, खोकला तर चुलीपाशी ऐकू यायचा. तोंड न्हाई. राख सावडायला गेलो तवा भावकीनं मला पाठमोरं उभं केलं होतं, डोक्याचं हाड दिसू नये म्हणून. आता वाटायचं, बघितलं असतं तर निदान तेवढं तरी राहिलं असतं. मी त्या निळ्या कवटीपुढं बसायचो अन् मनातच तिच्यावर बायकोचे गाल लावून बघायचो, नाक लावून बघायचो. काहीच बसंना.

मग पुसेगावची माझी थोरली बहीण आली. आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आल्या आल्या खिळ्याखाली उभी राहिली, पिशवीतून हार काढला, काचेवरून हात फिरवला अन् कुंकू लावलं.

"बाई, लई वाळलीस वं," म्हणली. "अन् दात काहून काढून राहिली? ह्या माझ्या भावाच्या घरात तर कधी हसली न्हाईस. जाऊ दे. भरल्या कपाळानं गेलीस, नशिबाची."

मी तिला काही सांगितलं न्हाई. मला हसू आलं, तोंडात धोतर कोंबून हसलो, अन् मग थांबता येईना. डोळे पुसून वर बघितलं तर त्या कुंकवाच्या ठिपक्याखाली बायकोचं तोंड आलं होतं. रुंद कपाळ, बसकं नाक, वरचा ओठ जरा उचललेला. तीच. घटकाभर होती.

आक्का दुसऱ्या दिवशी पुसेगावला परत गेली. ती गेली अन् शेजारीण दूध घेऊन आली. "अगं बया! भूत पुजून राहिले काय?" दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. पारावर एकानं विचारलं, "काय पाव्हणं, नवी बायको कशी काय?" मला लाज वाटली. घरी आलो, हार काढून फेकला, ओल्या फडक्यानं काच घासून पुसली.

पुसली अन् तोंड गेलं. नुसतं निळं हाड राहिलं.

घाईघाईनं तिचा करंडा काढला, बोट बुडवलं, काचेपाशी नेलं. बोट थांबलं. ती भुवयांच्या मधी लावायची का जरा वर? एक इंच खाली-वर झालं तर दुसरीच कोणी येऊन बसन. आक्काला फोन लावला.

"आक्का, तिचं कुंकू कुठं असायचं?"

"येडा झाला का बापू? चाळीस वर्सं तिच्यासमोर बसून जेवलास. काल मी लावलं न्हाई का? तिथंच."

मी काचेकडं बघितलं. लख्ख पुसली होती.