आप्पांच्या दुकानात सरस मिळत नाही

निपाणीच्या पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातले आप्पा होते म्हणून मी सावरले, हे आधी सांगते. काय झालं ते मागून. क्रम उलटा केला तर माझीच हुशारी पुढे दिसेल, आणि ते खरं नाही.

आप्पा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी नाकाशी न्यायचे. पॉलिशपेपर, रंगाचा डबा, नव्या कुलपाची किल्ली, सगळं. गिऱ्हाईक हसलं तर म्हणायचे, "चष्मा घरात ऱ्हायलाय, नाक तेवढं आणलंय संगं." चष्मा कपाळावर असायचा. तुमच्याही पेठेत असा एखादा दुकानदार असेल, ज्याच्याकडे खिळे घ्यायला जावं आणि अर्ध्या तासाने खिळे विसरून परत यावं.

मी वाशीमकडची. आठवीत शाळा सुटली, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आले. इथली बोली कळायला वर्ष गेलं, कानडी पाट्या तर अजून चित्रासारख्या बघते. एका फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घासायचं काम मिळालं. तिथे सागवानाचे, शिसवीचे हातभर तुकडे उरायचे. मालकांना विचारून ते घरी न्यायचे, एकाला एक चिकटवून भाजी चिरायचे पाट करायचे. बचत गटाच्या विक्रीत दोन ठेवले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "विळी असताना फळीवर कोण चिरतंय गं?" पण एका जैन घरच्या काकूंना पाट आवडले. त्यांच्या नव्या घराची वास्तुशांती होती. आलेल्या बायकांना भेट द्यायला एकवीस पाट हवे होते, दहा दिवसांत.

मला आधी आनंद झाला, मग भीती वाटली. पाटावर माणसं खायचं चिरणार. चिकटवलेलं पोटात गेलं तर? कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या सुतारांना विचारलं. ते म्हणाले, जुनी माणसं सरस वापरायची, त्यात केमिकल-बिमिकल काही नसतं. मला तेवढंच ऐकायचं होतं. त्यांच्याकडूनच सरसाचे खडे घेतले, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून सरस शिजवला आणि चार दिवसांत सहा पाट जोडले.

पॉलिशपेपर आणायला गेले तेव्हा एक पाट मिरवत आप्पांकडे नेला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"सरस लावलाईस व्हय?"

"हो आप्पा. केमिकल नाही त्यात."

"कुणाच्यात द्यायचेत?"

मी काकूंचं घर सांगितलं. आप्पांनी पाट हळूच काउंटरवर ठेवला.

"सरस कशाचा असतोय, ठावं हाय का?"

"झाडाचा. डिंकासारखा."

"ह्ये झाड हंबरतंय, पोरी. त्येला शिंगं असत्यात."

मला कळायला जरा वेळ लागला. कातडं, हाडं उकळून केलेली वस्तू मी जैनांच्या स्वयंपाकघरात पाठवणार होते. ज्या घरात पाणी गाळून घेतात, कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घरात. एकवीस बायकांच्या हाती. निपाणीत पुन्हा कुणी मला दारात उभं केलं नसतं, आणि रागावण्याचा त्यांना हक्कच होता. मी पाट काउंटरवरून ओढून पिशवीत कोंबला.

आप्पा स्वतः जैन. ते मागे जाऊन नळावर हात धुऊन आले, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बस. अजून कुणाच्या घरात गेलं न्हाय न्हवं? मग काय झालं न्हाय." मग सांगितलं, त्यांच्या वडिलांनी दुकान उघडलं तेव्हाच नेम घेतला होता, सरस ठेवायचा नाही. सुतार आले की त्यांना पुढच्या चौकातलं दुकान दाखवायचं. "आमच्या अर्ध्या गिऱ्हाइकावर त्यो दुकानवाला पोसला," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

मग त्यांनी माझ्यापुढे तीन वस्तू मांडल्या. साधा पांढरा गम: "वल्ला झाला की सुटतोय, आणि पाट तर रोज धुवायचा." दोन नळ्यांचा, कालवून लावायचा गम: "घट्ट हाय, पण मापात चुकलीस तर आत कच्चा ऱ्हातोय. तुझं हात बघ कसं हलत्यात." तिसरा डबा पाण्याला टिकणाऱ्या गमचा. तो माझ्या हातात दिला.

"वाच."

डब्यावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. "मला इंग्रजी येत नाही, आप्पा."

"मला तरी कुठं येतंय? अर्धं तू वाच, अर्धं मी."

कपाळावरचा चष्मा त्या दिवशी पहिल्यांदा खाली आला. एकेक अक्षर जोडत आम्ही 'फूड'पर्यंत पोचलो. पुढे काय म्हटलंय ते दोघांनाही कळेना. मग आप्पांनी डब्यावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडे कुणीतरी कानडी बोलणारा होता. आप्पा त्याला विचारत होते आणि मला मराठीत सांगत होते. जनावराचं काही आहे का? नाही. त्यावर चिरलेलं खाल्लं तर चालेल का? पूर्ण वाळल्यावर चालेल, दिवसभर शिकंज्यात घट्ट आवळून ठेवा, सांध्यातून बाहेर आलेला गम घासून काढा. आप्पांचं समाधान होईना. शेवटी विचारलं, तुमच्या आईला द्याल का असा पाट?

पलीकडून आलं, "कोडतीनी."

"देतो म्हणतोय," आप्पा म्हणाले. "आता घे."

घे म्हणाले, पण पाटांना लगेच लावू दिला नाही. आधी दोन तुकडे चिकटवून वाळवायला लावले, मग एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायला. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांध्यावर पटाशी ठेवून हातोडा मारला. लाकूड चिरलं, सांध्याच्या शेजारी. सांधा तसाच. "बघ, लाकूड हरलं," म्हणाले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी खालच्या ढलप्या गोळा करत बसले.

आता तीनच दिवस उरले होते आणि माझ्याकडे शिकंजे दोन. आप्पांनी विक्रीला टांगलेले नवे कोरे बारा काढून दिले. "वापर, आणि पुसून आण. गम लागला तर तुलाच इकीन." सरसाचे सहा पाट कारखान्यात हत्यारं ठेवायच्या फळ्या झाले.

एकवीस पाट वेळेत पोचले. काकूंनी पहिला पाट उचलला आणि पहिला प्रश्न तोच विचारला, "ह्यात सरस न्हाय न्हवं?"

"नाही काकू," मी म्हणाले, आणि कुठला गम, तो कसा वाळवला, सगळं न अडखळता सांगितलं. असं मी आयुष्यात कुणापुढे बोलले नव्हते. तेव्हापासून घरोघरचे पाट करते आहे.

गेल्या वर्षी आप्पांना मुलाने हुबळीला नेलं. दुकान पुतण्या बघतो. चांगला मुलगा आहे, मागाल ते लगेच देतो, पण कशाला हवंय ते विचारत नाही. आप्पांचे दात गेलेत म्हणे, सुनेला भाजी फार बारीक चिरावी लागते.

जांबोटीकडच्या एका माणसाला मी रुंद फणसाची फळी सांगून ठेवली आहे. तसलं जुनं झाड रोज पडत नाही, त्यामुळे वेळ लागेल. पण मिळाली की आप्पांसाठी एक पाट करणार आहे, अखंड, एकाच फळीचा, ज्यात सांधाच नसेल. आणि तो कुणाच्या हाती पाठवणार नाही. हुबळीची गाडी मी अजून कधी एकटीने धरलेली नाही, पण त्या दिवशी धरीन.