आमसुलाने घासलेला जोड

मी तरुणपणी फार हुशार होते. हे माझं तेव्हाचं मत. घरात आणखी कुणाचं तसं मत नव्हतं, पण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या साली शिमगा उरकला आणि मी हट्ट करून डीप फ्रीझर आणवला. नवरा बोटीवर नोकरीला, घरात मी आणि सासूबाई. सासूबाई रत्नागिरीच्या बाजारात मासे विकायच्या. सकाळी बंदरावर उतरलेला मासा दुपारच्या आत संपला पाहिजे, हा त्यांचा धर्म. माझं डोकं मात्र पुढे धावत होतं. उन्हाळ्यात सुरमई साठवायची आणि पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की विकायची.

"म्हणजे मढी राखायची," सासूबाई म्हणाल्या. "ठेव तुझी पेटी बंदी लागेपर्यंत. पण एक मासा जरी नासला ना, तर पेटी दुकानात परत आणि तू टोपली घेऊन माझ्या मागे."

टोपली डोक्यावर घ्यायची मला लाज वाटायची. दहावी पास होते ना मी!

फ्रीझर मागच्या पडवीत ठेवला. मीटरपासून तिथवर आलेली जुनी वायर ॲल्युमिनियमची, आणि फ्रीझरच्या बोर्डाची तांब्याची. दोन्हींची गाठ पडत होती तिथे वायरमनने एका डबीत कनेक्टर बसवला. आधी ॲल्युमिनियमची टोकं ब्रशने खरवडली आणि लगेच ट्यूबमधली करडी, चिकट पेस्ट त्यांच्यावर थापली.

"हे कसलं ग्रीस?" मी नाक मुरडलं.

"वहिनी, ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर साय धरते. मग वीज अडखळते, जोड तापतो. त्यात शेजारी तांबं आणि वरून आपली खारी हवा. तांब्याच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजून जातं. ही पेस्ट हवा आणि ओल आत येऊ देत नाही. दिसते घाण, पण हिला हात लावू नका."

"मला विज्ञानात चांगले मार्क होते," मी म्हटलं.

वायरमनने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी कौलांकडे पाहिलं.

पाडवा आला. गुढीवर पालथा घालायचा तांब्याचा गडू मी आमसूल आणि मीठ लावून असा घासला की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. तोंड पाहून अंगात आणखीच उत्साह शिरला. हातात आमसूल उरलेलं, सणाचा दिवस, आणि पडवीतल्या त्या डबीत सगळं बरबटलेलं. आत तांबंच होतं की, मग त्याने काय घोडं मारलं होतं?

मेन बंद केला, तेवढी अक्कल होती. म्हणून तर आज हे लिहायला शिल्लक आहे. कनेक्टरचे स्क्रू सैल केले, रॉकेलच्या फडक्याने पेस्ट पुसून काढली आणि तांब्याची टोकं आमसुलाने लखलखीत केली. नंतर पाण्याने धुतली नाहीत. विजेला पाणी लावू नये, हे विज्ञान! मग बांगडी भरताना लावतात तेवढाच जोर लावून स्क्रू पिळले. डबी बंद करताना मी माझ्यावरच इतकी खूष होते की काय सांगू.

मेच्या शेवटी फ्रीझर सुरमईने काठोकाठ भरला. बंदीला चार दिवस उरले होते. एका दुपारी पडवीतून जळका वास आला. फ्रीझर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला आणि गप्प झाला. दोनेक दिवस तो नीट गार करतच नसावा, कारण झाकण उघडून मासा दाबला, तर बोट आत गेलं. मी वायरमनला निरोप धाडला.

वायरमन आला. मेन पाडून त्याने डबी उघडली. आत पांढरी-हिरवी भुकटी, एक वायर जळून काळी.

"हे कुणी उघडलं होतं?"

"घुशीने," मी म्हटलं.

त्याने डबीच्या तळातून सुकलेला आमसुलाचा तुकडा दोन बोटांत धरून वर काढला. "घूस सोलकढी करत होती काय?"

नेमक्या त्याच क्षणी सासूबाई रिकामी टोपली घेऊन दारात. त्यांनी तुकडा पाहिला, मला पाहिलं, आणि मला शिव्या घालण्याऐवजी थेट फ्रीझरमध्ये डोकं घातलं. एकेक मासा हुंगला.

"नासला नाही अजून. ऊठ गो! मीठ आण, कोयता आण. रड नंतर."

दुपारभर आम्ही मासे चिरले आणि मीठ भरभरून पिंपात रचले. माझ्या हातांची आग आग होत होती. शेवटचा थर लावताना मी विचारलं, "आई, पेटी परत कधी द्यायची?"

"पेटीने काय केलंन? परत द्यायचीच तर तुला द्यायला हवी. पण तुझं माहेर पडलं चिपळूणला, पोचवायला जाणार कोण?" त्यांनी पिंपावर दगड ठेवला. "एकही मासा नासला नाही. बोलले ते बोलले. पेटी राहील."

मी डोळे पुसले. मिठाच्या हातांनी. मग खरी रडले.

पण खारा मासा फ्रीझरमध्ये बसून विकला जात नाही. त्या पावसाळ्यात डोक्यावर टोपली आणि टोपलीवर प्लास्टिक घेऊन दहावी पास बाई सासूच्या मागोमाग बाजारात बसली. आणि सांगते, मला ते आवडलं. गिऱ्हाइकाशी भांडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

आता चार फ्रीझर आहेत आणि धंदा नात बघते. दर वर्षी शिमगा झाला की ती वायरमनला बोलावून सगळे जोड तपासून घेते, नवी पेस्ट लावून घेते. मी खुर्ची ओढून देखरेखीला बसते. पण डबी उघडायच्या आधी कार्टी माझ्यासमोर येऊन उभी राहते.

"आजी, हात दाखव. दोन्ही."

मी दाखवते. मग ती माझा कनवटीला खोचलेला पदरही झाडून बघते.