घरात बूट घालून बसलेला बाप

माझ्या दोन्ही पायांचे चवडे दुखतात, ही बातमी मोताळ्यात कोणालाही माहीत नव्हती. (आता ती उंद्रीपर्यंत पोचली आहे.)

मलकापूरच्या डॉक्टरांनी पावलांचा साचा घेऊन माझ्यासाठी बुटात घालायचे खास इनसोल बनवून दिले. चवड्याच्या किंचित मागे उंचवटा, म्हणजे हाडांवरचा भार हलका. सूचना एकच: फरशीवर अनवाणी पाऊल टाकायचं नाही. घरातसुद्धा! तीस वर्षं वार्ताहर असल्यानं सूचना मी शब्दशः पाळतो.

"घरात बूट?" माझी बायको शालू उंबरठ्यावर आडवी आली. "काढा आधी!"

"नवे हायेत. रस्ता पाह्यलाच नाही त्यायनं."

"अन् लोकायनं पाह्यलं मंग?"

लोकांनी पाहिलंच. आमच्याकडे घरात बूट घातलेला माणूस म्हणजे बाहेर निघालेला माणूस. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "बजारात चालले काय भाऊ? मेथीच्या दोन जुड्या आणजा." नाही म्हटलं तर चवड्यांची कथा सांगावी लागणार, म्हणून गेलो. दुसऱ्या दिवशी दळण. तिसऱ्या दिवशी गॅसची टाकी! (दर वेळी इनसोल काढून बाहेरच्या बुटांत घालायचे, आल्यावर पुन्हा उलट. हा व्यायाम वेगळाच.)

पण निश्चय म्हणजे निश्चय. बूट निघाले नाहीत.

रविवारी उंद्रीहून वामनराव आपल्या मुलाला घेऊन आमच्या प्रज्ञाला बघायला आले. प्रज्ञानं आधी तीन स्थळं नाकारली होती. हा मुलगा मात्र तिला फोनवरच आवडला होता.

"आज तरी काढा वो!" शालूनं हात जोडले.

"पाहुण्यायसमोर कण्हत बसू काय?" असं म्हणून मी बुटांसह खुर्चीवर बसलो.

वामनरावांची नजर आधी बुटांवर गेली, मग घड्याळावर. पोहे येण्याआधीच ते उठले. "निघतो आमी. तुमाले कुठं तरी जायाचं दिसते."

"नाही हो, कुठंच नाही!"

"मंग बूट काऊन? पोरगं पसंत नसंल तं सरळ सांगा ना भाऊ!"

मंडळी फाटकाबाहेर! पोह्यांच्या बश्या हातात घेऊन प्रज्ञा दारात उभी, डोळ्यांत पाणी. "बाबा, काहीतरी करा ना!"

मी धावलो. भर गल्लीत खाली बसून बूट उपसला, इनसोल काढला आणि वामनरावांच्या नाकासमोर धरला. "याच्यापायी! चवडे दुखते माये!"

वामनराव थबकले. "तुमचे बी?" त्यांनी इनसोल बुटात सारला, चप्पल काढली आणि पाय आत घातला. चार पावलं टाकली. "वा इवाई! हे तं लय झकास हाय!"

"पण ते फक्त माया पायाच्या मापाचं..." एवढं बोललो आणि प्रज्ञाकडे पाहिलं. मुकाट्यानं दुसराही बूट काढून दिला.

इवाई म्हणजे व्याही! सोयरीक पक्की झाली. वामनराव माझे बूट घालून उंद्रीला गेले.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "इवाई, आता टाचा बी दुखून राह्यल्या! तुमच्या डॉक्टरले काही समजते काय?"

दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय आयुष्यात एक ओळही न छापणारा मी ठणकावून म्हणालो, "बरोबर हाय तुमचं. काहीच समजत नाही त्याले!"

त्या वेळी मी मलकापुरात, दुसऱ्या जोडीसाठी साच्यात पाय रोवून उभा होतो. आणि साचा धरून डॉक्टरच माझ्या पायाशी बसले होते!