सुभद्रेच्या विहिरीवरचं मॉस

प्रेमिला नागपुरातल्या एका कॉलेजात बॉटनीची डेमॉन्स्ट्रेटर. पोरींना मायक्रोस्कोपखाली मॉसचे नर-मादी अवयव दाखवायचे, आणि संध्याकाळी महाल भागातल्या सासरी येऊन "पाळणा कधी?" ऐकायचं, असा तिचा दिनक्रम.

परसातली विहीर बंद होती. तिच्या नवऱ्याची, मारोतरावांची, पहिली बायको सुभद्रा, वांझ म्हणून बोलणी खाऊन खाऊन, तिच्यात उडी घेऊन मेली होती. दोर-बादली तेव्हाच काढून टाकलेली. सासू गोपिकाबाई मात्र दर अवसेला काठावर त्या मेलेल्या सुनेची खणानारळानं ओटी भरायच्या. जिवंतपणी घालूनपाडून बोलायचं, मेल्यावर ओटी भरायची! आणि न्हाणीत बसलेल्या प्रेमिलेला दोर नसलेल्या रहाटाची करकर ऐकू यायची.

त्यात यंदा गोपिकाबाईंनी काडीमोडाचं काढलं. तिसरी सून आणायची. आपलीही सुभद्राच होणार, या भीतीनं प्रेमिलेला अन्न गोड लागेना.

विहिरीच्या काठावर मॉस माजलं होतं, पण फलन झाल्यावर येतात ती बोंडं त्याला कधी धरलीच नव्हती. तिनं ते मायक्रोस्कोपखाली घातलं. शेंड्याशी सुरईच्या आकाराचे मादीचे अवयव, अगदी ठणठणीत. नर मात्र औषधालाही नव्हता. या जातीत नर-मादीची रोपं वेगळी असतात. तिनं महाराजबागेतल्या नळाखालून नर-रोपं आणून शेजारी लावली आणि वर पाणी शिंपडत राहिली, कारण नराचं बीज पाण्यातूनच पोहत मादीकडे जातं. दिवाळीच्या सुमारास बोंडं वर आली.

पुढच्या अवसेला तिनं सासूला काठावरच गाठलं. "आत्याबाई, हे पाहा. याच्यात काही कमी नव्हतं. नरच नव्हता. सुभद्राबाईतबी काय कमी होतं?"

गोपिकाबाईंनी हातातला नारळ काठावर ठेवला. "मले माहीत हाय वं. डाक्टरनं तवाच सांगतलं होतं, खोट माह्या मारोतीत हाय."

"मंग सुभद्राबाईले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं ना. म्हटलं, तू वांझ म्हणून घे, माह्या लेकाची अब्रू राख. त्याच दुपारी विहिरीत गेली ते." त्यांनी वर पाहिलं. "आता तुलेबी तेच सांगून राहिली, वांझ म्हणून घे अन् काडीमोड दे."

रहाट करकरला. या वेळी गोपिकाबाईंनीही दचकून मान वळवली.

"मी नाही वांझ म्हणून घेणार," प्रेमिला इतक्या मोठ्यानं बोलली, की शेजारच्या गच्चीवरच्या बाया वाकून पाहू लागल्या. "अन् सुभद्राबाईलेबी कोणाले म्हणू देणार नाही."

रहाट थांबला.