छताचा आवाज

बासू आधी आठ वर्षं खाणीत खाली उतरायचा. मग पंधरा वर्षं तो वर पट्ट्याशी उभा राहिला. सरकत येणाऱ्या दगडांतून शिशाचा दगड वेचायचा आणि बाकीचा ढिगाऱ्यावर फेकायचा, एवढंच काम. खाण बंद पडली, यंत्रं उचलून नेली, वस्ती मात्र अयाशी डोंगरासमोर तिथेच राहिली. पुढे माणसं हातोडी-छिन्नी घेऊन जुन्या बोगद्यांत शिरू लागली, कारण आतले लाल स्फटिक मिदेल्त शहरातले व्यापारी विकत घेत. बासूचा मुलगा झायेदही शिरला. दोन हिवाळ्यांमागे तिसऱ्या बोगद्याचं छत कोसळलं. तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत बाहेर काढलं.

बासू तेव्हा रडला नाही आणि नंतरही नाही. तो जेवायचा, नमाज पढायचा, दाराशी बसायचा. लोकांचं बोलणं त्याला शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू येई.

शाळेच्या रब्हाबाई विचारायला आल्या तेव्हाही तो तसाच बसला होता.

"दादा, पुस्तकात दगडांचा धडा आहे. चित्रं आहेत नुसती. मुलं दगडांवरच राहतात आणि त्यांना एकाचं नाव येत नाही. गुरुवारी एक तास याल का?"

"मी एकाला शिकवलंय," बासू म्हणाला.

बाई जायला उठल्या. आतून त्याची बायको इत्तो म्हणाली, "येतील ते. इथे बसून भिंतीकडे बघतात, तिथे बसून फळ्याकडे बघतील."

तो गेला. न जाण्यासाठी जोर लावावा लागला असता, तेवढा त्याच्यात नव्हता.

पहिल्या तासाला त्याने दोन दगड मुलांच्या हातांत फिरवले. "नाव विचारू नका. जड कुठला ते सांगा."

"हा पांढरा. पण दिसतो हलका," एक मुलगा म्हणाला.

"मग डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा ते कळलं?"

पुढच्या गुरुवारी त्याने फरशीच्या मागच्या खडबडीत बाजूवर दगड घासायला लावले. सोन्यासारख्या पिवळ्या दगडाची रेघ काळी उमटली तेव्हा मुलं हिरमुसली. चुनखडीच्या भुकटीवर लिंबू पिळलं की बारीक फेस येतो, तेही त्याने दाखवलं. मुलं कान लावून तो फेस ऐकत होती. आपण हे चांगलं शिकवतोय असं बासूला कळत होतं, पण त्यात बरं काही वाटत नव्हतं.

पाचव्या गुरुवारी तूदा नावाच्या मुलीने एक दगड आणला. पांढऱ्यावर लाल चकत्या होत्या. बासूने तो खिडकीशी नेला. ढिगाऱ्यावरचा असता तर उन्हाने लाल काळवंडलं असतं. हा ताजा होता, कडेला छिन्नीचा घाव होता आणि फटीत ओली पिवळी माती. ती माती त्याने आधी एकदाच पाहिली होती, झायेदच्या कपड्यांवर.

"कुणी दिला?"

"बाबांनी. शाळेत दाखव म्हणाले."

संध्याकाळी तो तूदाच्या घरी गेला. तिचा बाप हमू दारात हात धूत होता. बासूने सरळच सांगितलं, "तिसऱ्या बोगद्यात जाऊ नकोस."

"मग कुठे जाऊ, दादा? दुसरं काम सांगा, उद्यापासून तिथे जातो."

तिथे जाऊ नकोस, एवढंच बासूने पुन्हा सांगितलं. हमू चिडला. "लाल कुठे असतं ते झायेदने मला दाखवलं. त्याला कुणी शिकवलं होतं?"

"मी."

हमूने मान खाली घातली. "बोलू नये ते बोललो मी."

"खरंच आहे. लाल कुठे असतं ते मी शिकवलं. छताचं राहून गेलं. आमच्या वेळी छत पक्कं आहे का ते वाजवून बघायला वेगळा माणूस होता, रोज पहाटे. मला त्याची आठवणच झाली नाही."

हे त्याने इत्तोलाही सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर छातीत काही हलेल असं त्याला वाटलं, पण काही हललं नाही. हमूने चहा विचारला. तो नको म्हणून घरी आला.

पुढच्या गुरुवारी त्याने वर्ग रस्त्यासाठी कापलेल्या दरडीशी नेला. मुलांच्या हातांत सळया दिल्या. "ठोका. ठण्ण वाजलं तर दगड मागे पक्का आहे. भद्द वाजलं तर तो सुटलाय, नुसता अडकून राहिलाय. त्याच्याखाली उभं राहायचं नाही. आता एकेक जण डोळे मिटून सांगा."

तूदा एकदाही चुकली नाही. घरी जाऊन तिने चूल वाजवली, भिंत वाजवली, रांजण वाजवला. मग बापाला दरडीशी ओढत नेऊन तिने त्याचे डोळे मिटायला लावले. हमू तीनदा चुकला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही नापास."

महिनाभराने, बर्फ वितळत असताना, हमू सकाळी तिसऱ्या बोगद्यात शिरला. त्याने सळई वर ठोकली, भद्द आवाज आला. दोन पावलं पुढे पुन्हा भद्द. हत्यारं तिथेच टाकून तो बाहेर आला. दुपारी वस्तीला जमिनीतून धक्का जाणवला. बायका धावत बोगद्याच्या तोंडाशी गेल्या, तर आतलं छत कोसळलेलं आणि हमू बाहेर दगडावर बसलेला.

संध्याकाळी तो निळ्या कागदात गुंडाळलेली साखरेची सुळक्यासारखी ढेप घेऊन बासूकडे आला. ती बासूपुढे ठेवून म्हणाला, "दादा, आता पाचव्यात जाईन म्हणतो. पाचव्याचं छत चुनखडीचं आहे."

"वाजवून बघ आधी," बासू म्हणाला.

हमू गेल्यावर इत्तो चुलीकडे वळून रडू लागली, किती तरी वेळ. बासूने साखर फोडली आणि चहा केला. एक पेला त्याने तिच्यापुढे ठेवला, दुसरा स्वतः घेतला. चहा गोड होता. तेवढं त्याला कळलं.

"उद्या गुरुवार," इत्तो ओढणीने तोंड पुसत म्हणाली.

"हो. वर्गासाठी गारगोटी शोधायला हवी एक," तो म्हणाला, आणि टोपी घालून नदीच्या पात्राकडे निघाला.