डब्याच्या आवाजामागे
सायकलच्या साखळीला तेल दिलं की त्या वासासरशी भिलाईच्या सेक्टरमधला सरळ, रिकामा रस्ता आठवतो. माझ्या मुलीची नजर हळूहळू जात होती, पण सायकल सोडायला ती तयार नव्हती. म्हणून मी माझ्या सायकलमागे पत्र्याचा डबा बांधला. त्याच्या खडखडाटामागे तिनं यायचं. पहिल्याच दिवशी लोक आपापल्या घराच्या फाटकाशी जमले. आमच्याकडे एवढा गाजावाजा फक्त पुढाऱ्यांसाठीच होतो. "कोन्या मंत्र्याची स्वारी येऊन राहिली जी?" शेजारीण ओरडली. "मंत्री मांगं हाय काकू!" असं म्हणत मुलगी मला मागे टाकून सुसाट पुढे गेली. मी जोरजोरात पायडल मारत तिच्यामागे निघालो. तेवढ्यात ती हसत ओरडली, "बाबा, डबा मांगून वाजला तरी रस्ता समजते नं!" हल्ली ती काठी घेऊन पुढे चालते, आणि मी मागे पडलो तरी अजिबात थांबत नाही.